दार उघडं, अंतर राखून
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात बालविभाग समितीतर्फे केलेलं भाषण)



अध्यक्ष महाशय, कार्यकारिणीतले सहकारी, उदार देणगीदार, आणि मागच्या रांगेत बसून भाषण कधी संपतंय नि बटाटेवडे कधी येतायत याची वाट बघणारे आमचे बालदोस्त, तुम्हां सगळ्यांना बालविभाग समितीतर्फे सप्रेम नमस्कार.

आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत. मराठी मंडळाची पंधरा मिनिटं म्हणजे नेमकी किती, हे आपण सगळे जाणतोच. तरी आम्ही घड्याळाकडे बघूनच बोलणार आहोत. समितीत आम्ही सहा पालक आहोत. बोलणारं तोंड एक असलं तरी शब्द सहाही जणांचे आहेत, तेव्हा काही चुकलं तर रागही सहा ठिकाणी वाटून घ्यावा ही विनंती.

विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. मदतनिधीच्या कार्यक्रमात हॅलोविन कशाला? झालं असं, की मध्यंतरी मंडळात नव्याने आलेल्या एका तरुण जोडप्याने आम्हाला विचारलं, "शाळेत फ्लूची साथ आहे, घरी आई-बाबा आलेत, बाबांना मधुमेह आहे. मुलाला ट्रिक ऑर ट्रीटला सोडायचं की नाही? सोडलं तर कसं?" प्रश्न साधा होता. आम्ही उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं, की २००९ मध्ये आणि मग २०२० मध्ये आपण हे सगळं घाम गाळून शिकलो होतो आणि चार वर्षांत निम्मं विसरूनही गेलो. कुठेच लिहून ठेवलेलं नाही. म्हणून हा खटाटोप. उरलेलं विसरायच्या आत सांगून टाकावं म्हटलं.

पहिली गोष्ट, हॅलोविन आपला कधी झाला? आमच्यातले काहीजण नव्वदच्या दशकात इथे न्यू जर्सीत आले. पहिल्या ऑक्टोबरच्या शेवटी संध्याकाळी बेल वाजली, दार उघडलं तर समोर एक स्पायडरमॅन, एक चेटकीण आणि एक भोपळा. घरात कँडीचा तुकडा नाही. गृहिणीने दिवाळीसाठी केलेले बेसनाचे दोन-दोन लाडू कागदात गुंडाळून पिशव्यांत टाकले. पोरं "थँक्यू" म्हणून गेली. घरी केलेली वस्तू इथले आईबाप मुलांना खाऊ देत नाहीत, हे पुढच्या वर्षी शेजारणीने हळूच सांगितलं. त्या लाडवांचं काय झालं असेल या विचाराने आम्ही आजही हळहळतो.

पण प्रकार काही परका वाटला नाही. भोंडल्याला मुली या घरून त्या घरी जायच्या, गाणी म्हणायच्या आणि खिरापत ओळखायच्या. कोकणात शिमग्याला सोंगं दारोदार येतात आणि फगवा मागतात. संक्रांतीला हलव्याची डबी घेऊन आपणच आळीभर फिरलो आहोत. नाव नि वेष बदलले, एवढंच. आणि खरं सांगायचं तर ज्या देशात शेजाऱ्याच्या घरी जायला आधी फोन करावा लागतो, तिथे वर्षातून एक संध्याकाळ अशी, की ओळख नसलेल्या माणसाची बेल वाजवली तरी तो हसतमुखाने दार उघडतो. आमच्या कित्येकांची समोरच्या घराशी पहिली ओळख ३१ ऑक्टोबरलाच झाली. मूल पुढे, आपण मागे, पदपथावर उभे. "तुम्ही कुठले?" "इंडिया." बस, तिथून सुरुवात.

त्यामुळे साथ आली की "एक वर्ष नाही गेलं तर काय बिघडतं?" हे म्हणायला सोपं असतं, पण काहीतरी बिघडतं खरं. आणि दुसऱ्या बाजूला, "मुलांचा सण आहे, जाऊ दे" हेही म्हणायला तितकंच सोपं असतं, आणि त्यानेही बिघडू शकतं. या दोन सोप्या वाक्यांच्या मधला रस्ता शोधावा लागतो.

हॅलोविनची आणि भीतीची जोडी जुनीच आहे. आपल्याला इथे आल्या आल्या कोणी ना कोणी सांगितलेलं असतं, सफरचंदात ब्लेड असतं, कँडीत विष असतं, तपासून घ्या. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या वर्षानुवर्षं तपासल्या. अनोळखी माणसाने हॅलोविनच्या खाऊत काही घालून एखादं मूल दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, असा एकही पक्का प्रकार त्यांना सापडला नाही. १९८२ मध्ये शिकागो भागात टायलेनॉलच्या गोळ्यांत सायनाइड मिसळलं गेलं आणि सातजण दगावले. ते सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरचे दिवस होते. त्या वर्षी कित्येक गावांत लोकांनी मुलांना बाहेर सोडलं नाही. भीती समजण्यासारखी होती, पण तो प्रकार औषधाच्या बाटल्यांतला होता, कँडीतला नव्हता.

मग खरा धोका कुठला? मोटारीचा! अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या, म्हणजे १९७५ ते २०१६ च्या अपघातांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूची शक्यता आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर सुमारे दहापट, असं त्यात दिसलं. आपल्याकडे ३१ ऑक्टोबरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नेमका तोच ऑफिसातून परतायचा वेळ. काळ्या कपड्यातला छोटा बॅटमॅन दोन उभ्या गाड्यांच्या मधून धावत सुटला तर ड्रायव्हरला दिसणार कसा? आम्ही हे आधी सांगतोय, कारण साथीच्या गडबडीत हा धोका कुठेही गेलेला नसतो. सगळं लक्ष मास्ककडे आणि पोरगं रस्त्यात, असं होऊ नये.

आता साथीकडे येऊ. २००९ सालचा स्वाइन फ्लू आठवतो? त्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरची साथ जाहीर केली. ३ ऑगस्टला पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, भारतातला पहिला. त्या आठवड्यात आपल्या सगळ्यांचे फोन पुण्याला लागलेले होते. शाळा बंद, तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसं, हे आपण इथे टीव्हीवर बघत होतो. पाठोपाठ इथेही दुसरी लाट आली. २४ ऑक्टोबरला अध्यक्ष ओबामा यांनी राष्ट्रीय आणीबाणी घोषित केल्याचं जाहीर झालं, आणि बरोबर एका आठवड्याने शनिवारी हॅलोविन. लस नुकतीच निघाली होती आणि पुरेशी नव्हती. या आजाराचा रोख म्हाताऱ्यांपेक्षा मुलांवर आणि तरुणांवर जास्त होता.

तेव्हा आम्ही एकच नियम पाळला आणि तो आजही पहिला आहे. ज्याला ताप आहे तो बाहेर जाणार नाही. तापाचं औषध न घेता चोवीस तास ताप नसला पाहिजे, मगच बाहेर. ऐकायला सोपं आहे. पण परीचा पोशाख घालून, पंख लावून, सोफ्यावर बसून रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला हे सांगून बघा! आमच्यातल्या एकीने सांगितलं. तिची पिशवी घेऊन मोठा भाऊ घरोघर गेला, "माझी बहीण आजारी आहे" म्हणाला, आणि पिशवी भावापेक्षा जड होऊन परत आली. ती परी आता नोकरीला लागली आहे आणि तो हॅलोविन तिला इतर सगळ्यांपेक्षा जास्त आठवतो.

२०२० मात्र वेगळं होतं. त्याबद्दल बोलताना आमच्या सहाजणांतल्या एका घराबद्दल बोलावं लागेल. त्यांची परवानगी घेऊनच बोलतोय.

त्या घरात नातवाची मुंज ठरली होती मे महिन्यात. आजी-आजोबा फेब्रुवारीतच नागपूरहून आले. येताना मुंजीसाठी भगवा फेटा आणला होता. आजोबांनी नातवाला सांगून टाकलं, "हा फेटा मुंजीत घाल आणि हॅलोविनला मावळा हो. भुताखेतांना कोण घाबरतो?" मार्चच्या शेवटी भारताने परदेशी विमानं बंद केली. एप्रिलमध्ये न्यू जर्सीत काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यात शिरत नाही. आजोबा गेले. हॉस्पिटलात कोणाला आत जाता आलं नाही. एका नर्सने हातात फोन धरला आणि घरच्यांनी त्या फोनवर निरोप घेतला. आजी इथेच अडकल्या.

सप्टेंबरात हॅलोविनचा विषय निघाला तेव्हा आमची झूमवर बैठक झाली. त्याच सुमारास लॉस एंजेलिस काउंटीने ट्रिक ऑर ट्रीटवर बंदी घातली आणि दुसऱ्याच दिवशी ती मागे घेऊन "करू नये असा सल्ला" इतपत सौम्य केली. मोठ्या मोठ्यांचं असं होत होतं, मग आमचं काय! कोणी म्हणालं रद्द करू. कोणी म्हणालं, पोरं सहा महिने स्क्रीनसमोर बसून कोमेजली आहेत, काहीतरी करूच. त्या घरातली आई गप्प होती. शेवटी म्हणाली, "माझ्या घरातलं एक माणूस गेलंय. दुसरं घालवायला मी तयार नाही." त्यावर कोणालाच काही बोलता येईना.

आम्ही एक तोडगा काढला आणि तो आम्हाला फार हुशारीचा वाटला. मोठ्या पार्किंग लॉटमध्ये सगळ्या गाड्या उभ्या करायच्या, डिक्या सजवायच्या आणि मुलांनी गाडी-गाडीपाशी जाऊन खाऊ घ्यायचा. त्याला ट्रंक ऑर ट्रीट म्हणतात. घरोघर जायला नको, म्हणजे सुरक्षित, असा आमचा हिशेब. मग सी.डी.सी.ची यादी हातात आली. त्यांनी प्रकारांचे तीन गट केले होते, कमी धोका, मध्यम धोका, जास्त धोका. आमचा हुशारीचा तोडगा थेट तिसऱ्या गटात! का, तर तिथे गर्दी एका जागी गोळा होते. घरातल्या घरात भोपळा कोरणं पहिल्या गटात होतं. आणि मधल्या गटात होता एक प्रकार, खाऊच्या वेगवेगळ्या पुड्या बांधून अंगणाच्या कडेला मांडून ठेवायच्या आणि मुलांनी लांबून येऊन एकेक उचलून पुढे जायचं.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. धोका "हॅलोविन" नावाच्या गोष्टीत नव्हता. तो गर्दीत होता, बंद खोलीत होता, समोरासमोर बराच वेळ बोलत उभं राहण्यात होता. एवढं बाजूला काढलं तर उरतं ते मूल, दार, आणि दारातला माणूस. आणि आपल्याला तेवढंच तर हवं होतं!

दोनच महिन्यांपूर्वी दुरून पाहिलेली गोष्ट आठवली. त्या वर्षी आषाढीला पायी वारी निघाली नाही. माउलींच्या नि तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.च्या बसमधून पंढरपूरला गेल्या. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचं शिबिर भरवलं. शेकडो वर्षांची वारी जर बसमध्ये बसू शकते, तर आमच्या पोरांचं एका संध्याकाळचं भटकणं बदलायला काय हरकत होती?

पण आईचा नकार तसाच होता. तो बदलला आजींनी. त्या म्हणाल्या, "त्यांनी पोराला शब्द दिला होता फेट्याचा. मी खिडकीच्या आत बसते. तो माझ्यापासून दूर राहील, पण त्याला जाऊ दे." आईने मग एक वही काढली आणि अटी लिहिल्या. आज आपण ज्यांना समितीचे नियम म्हणतो ते बहुतेक त्या वहीतले आहेत.

अट पहिली, सगळं उघड्यावर. कोणीही कोणाचा उंबरा ओलांडणार नाही, बाथरूमसाठीसुद्धा नाही. दुसरी, आधी फोनवर ठरलेली घरंच घ्यायची. आमची नऊ ठरली. तिसरी, घोळका नाही. एका घरची भावंडं आणि एक मोठं माणूस, एवढीच टोळी, आणि दोन टोळ्यांमध्ये दहा मिनिटांचं अंतर. चौथी, मुखवटा म्हणजे मास्क नव्हे. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या मुखवट्याला भोकं असतात, तो काही अडवत नाही. आणि मास्कवर मुखवटा चढवायचा नाही, मुलांचा श्वास कोंडतो. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्कच घालायचा नाही. पाचवी, मुलांत किंवा मोठ्यांत कोणालाही ताप-खोकला असेल तर ते घर यादीतून बाद, आणि त्यात लाज वाटून घ्यायची नाही. सहावी, वाटेत काही खायचं नाही. घरी येऊन वीस सेकंद साबणाने हात धुवायचे, मग पिशवी उघडायची.

३१ ऑक्टोबर २०२०, शनिवार. आदल्याच रात्री कोजागिरी झाली होती, त्यामुळे आकाशात मोठा चंद्र. हवा थंड. ओहायोतल्या सिनसिनाटीमध्ये एका वडिलांनी सहा फुटी नळी करून जिन्याच्या कठड्याला बांधली आणि वरून कँडी सोडायची सोय केली, ही गोष्ट त्या सप्टेंबरात देशभर गाजली होती. आमच्यातल्या एका इंजिनिअर बाबांनी होम डेपोतून पी.व्ही.सी. पाइप आणला, नारिंगी टेप गुंडाळली आणि नऊपैकी चार घरांना नळ्या बसवल्या. कँडी वरून सोडली की गडगडत येऊन खाली पिशवीत पडायची. पोरं एवढी हसली, की निम्मी कँडी त्या आवाजासाठीच मागितली गेली.

कोपऱ्यावरच्या घरात एक अमेरिकन बाई एकट्या राहतात, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. दरवर्षी अख्ख्या आकाराचं चॉकलेट देणारं ते एकमेव घर, त्यामुळे मुलांमध्ये त्यांचं स्थान फार वरचं! त्या वर्षी त्यांनी पोर्चचा दिवा लावायचा नाही असं ठरवलं होतं. आम्ही विचारून त्यांच्याही कठड्याला नळी बांधून दिली. त्या मास्क लावून, कोट घालून, वर खुर्ची टाकून बसल्या. नंतर म्हणाल्या, मार्चपासून माझ्या दारात आलेली ही पहिली मुलं.

आणि आमचा मावळा. भगवा फेटा, खाली भगव्याच कापडाचा मास्क, कमरेला पुठ्ठ्याची तलवार. नऊ घरं फिरून तो स्वतःच्या घरासमोर आला. आजी बंद खिडकीच्या आत बसल्या होत्या. मग बाकीच्या टोळ्याही एकेक करून हिरवळीवर लांब-लांब उभ्या राहिल्या आणि आजींनी फोनच्या स्पीकरवरून ओळखायला सुरुवात केली, "तो अस्वल झालाय तो कुळकर्ण्यांचा का? आणि तू गं, आवाज काढ बघू!" भोंडल्याला खिरापत ओळखतात, तशी त्यांनी मुलं ओळखली. नातवाची पाळी आली तेव्हा थोडा वेळ फोनवरून काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, "हा तर मावळा. याला मी ओळखते."

पुढच्या दोन आठवड्यांत आमच्या नऊ घरांतलं कोणी आजारी पडलं नाही. त्यावरून आमचं सगळं बरोबर होतं असं सिद्ध होत नाही. नशीबही असेल. आणि चुकाही झाल्या. एका घराने कँडीचं मोठं भांडं पायरीवर ठेवून दिलं. पंधरा मिनिटांत कोणीतरी भांडं रिकामं करून गेलं आणि शेवटच्या टोळीच्या वाट्याला फक्त रिकामं भांडं आलं. म्हणून खाऊ उघडा ठेवायचा तर वेगवेगळ्या पुड्या आणि त्यांच्यावर नजर, हे शिकलो. दुसरी चूक म्हणजे आम्ही प्रत्येक रॅपर जंतुनाशकाने पुसत बसलो, रात्री साडेअकरापर्यंत! पुढे एप्रिल २०२१ मध्ये सी.डी.सी.ने सांगितलं, की वस्तूंना हात लावून कोविड होण्याची शक्यता फारच कमी. तो पसरायचा श्वासातून, हवेतून. म्हणजे आमचे निम्मे कष्ट रॅपरवर वाया गेले. अंतर आणि उघडी हवा हेच खरं कामाला आलं. हात मात्र धुवावेतच, कारण पोटाच्या आणि सर्दीच्या इतर कित्येक आजारांना साबणच उपाय आहे.

२०२१ साली आणखी एक गंमत झाली. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांच्या लशीला एफ.डी.ए.ची मान्यता मिळाली २९ ऑक्टोबरला आणि सी.डी.सी.ची शिफारस आली २ नोव्हेंबरला. म्हणजे हॅलोविन बरोबर मध्ये सापडला. तेव्हाही उघड्यावर, छोट्या टोळ्या, हेच केलं. लस मिळाल्यावर फेटा, पंख, तलवारी सगळं घालून आमच्या काही पोरांनी दवाखान्यात दुसरा हॅलोविन केला, तो भाग वेगळा. सण पुढे ढकलणंही काही पाप नाही. २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा आपल्या गव्हर्नरांनी अख्ख्या न्यू जर्सीचा हॅलोविन ५ नोव्हेंबरला नेला होता. पोरांनी तक्रार केली नाही, कँडी तीच होती.

तर ज्या जोडप्याने प्रश्न विचारला होता, त्यांना आमचं उत्तर असं. आधी बघा, ही साथ कशी पसरते आणि तिचा रोख कोणावर आहे. २००९ मध्ये मुलांवर होता, २०२० मध्ये आजी-आजोबांवर. त्याप्रमाणे घरात कोणाला जपायचं ते ठरतं. मिळत असेल ती लस दोन-तीन आठवडे आधी घ्या, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. मूल आजारी असेल तर घरी ठेवा आणि त्याची पिशवी भावंडाबरोबर पाठवा. मूल बरं असेल तर उघड्यावर, आपल्याच घरच्यांबरोबर, कमी घरं, आणि कोणाच्या घरात शिरायचं नाही. बाबांना मधुमेह आहे ना, मग ते दारात न बसता खिडकीत बसोत. खोलीची दुसरी खिडकी थोडी उघडी ठेवा. तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर पोर्चचा दिवा बंद ठेवा. या देशात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, कोणी वाईट वाटून घेत नाही.

कपड्यांना चकाकणारी पट्टी चिकटवा, हातात विजेरी द्या, रस्ता कोपऱ्यावरच ओलांडा. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. हाताला चोळून लगेच भोपळ्यातल्या मेणबत्तीशी किंवा पणतीशी जाऊ देऊ नका, पूर्ण वाळू द्या. भोपळ्यात बॅटरीचा दिवा ठेवलेला बरा. लहान मुलांना कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात. आणि दारात निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा दिसला तर समजा, की तिथे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी खेळणी, पेन्सिली असं काहीतरी मिळतं. आपणही एक ठेवायला हरकत नाही. आपल्या शाकाहारी पोरांचीही सोय होते, कारण कित्येक मऊ गोळ्यांत जिलेटिन असतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तिथेच मदतनिधीचा संबंध येतो. १९५० साली फिलाडेल्फियात एका पाद्र्याच्या कुटुंबातल्या मुलांनी हॅलोविनला दुधाचे रिकामे खोके घेऊन युनिसेफसाठी नाणी गोळा केली. पहिल्या वर्षी जमले सतरा डॉलर. त्यातून ते नारिंगी डबे देशभर गेले. आपल्यातल्या कितीतरी मुलांनी शाळेतून ते आणलेले आहेत. आम्हाला ही कल्पना फार आवडते. दारोदार जाणारं मूल घेऊनही येतं आणि देऊनही येतं.

२०२० मध्ये आमच्या नऊ घरांच्या दारांत आम्ही असेच डबे ठेवले होते. खाऊ घ्या, आणि जमलं तर नाणं टाका. जमले ते पैसे काउंटीतल्या अन्नपेढीला दिले. रक्कम मोठी नव्हती. पण त्या शरद ऋतूत अन्नपेढीपुढची गाड्यांची रांग आपण पाहिली होती. त्या रांगेत आपल्या ओळखीच्याही काही गाड्या होत्या. एच-वनवरची नोकरी गेलेली, परतीचं विमान नाही, कोणाला सांगायची सोय नाही. तेव्हापासून दर ऑक्टोबरात बालविभाग हे डबे ठेवतो, आणि या पुस्तिकेतून जमणारा निधीही तिकडेच जातो. साथ सरली म्हणून भूक सरलेली नाही. तेव्हा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचा फॉर्म भरताना हात जरा सैल सोडावा, ही आग्रहाची विनंती. आणि त्याहून महत्त्वाचं, शेजारपाजारी कोणाच्या पोर्चचा दिवा फार दिवस बंद दिसला, तर एकदा फोन करून विचारा.

त्या आजी २०२१ च्या सुरुवातीला नागपूरला परतल्या. मुंज पुढच्या वर्षी तिकडेच झाली, त्याच फेट्यात. मावळ्याला आता मिसरूड फुटलंय, तो ट्रिक ऑर ट्रीटला जात नाही. पण दर वर्षी ३१ ऑक्टोबरला कोपऱ्यावरच्या बाईंच्या कठड्याला नळी तोच बांधतो. साथ नसली तरी बांधतो. त्यांना पायऱ्या उतरणं आता जमत नाही, आणि खाली उभ्या पोरांना तो गडगडाट हवा असतो.

पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली, क्षमा असावी. बटाटेवडे आले आहेत असं मागच्या रांगेतून खुणावलं जातंय. जाताना दारातल्या नारिंगी डब्याकडे लक्ष असू द्या. चूकभूल द्यावी घ्यावी.